गोजरबाईचा दहावा

पूर्णेच्या वाळूत नऊ वाजता मांडलेल्या पिंडाला साडेदहा झाले तरी कावळा शिवेना.

कावळे नव्हते म्हणावं तर तसंही नाही. काठावरच्या बाभळीवर पाच-सहा जण माना वाकड्या करून बसले होते. मधूनच एखादा पंख पसरून खाली यायचा, पत्रावळीच्या वर घिरटी घ्यायचा आणि काय मनात येई कोण जाणे, परत फांदीवर. पत्रावळीवर भाताचा पिंड होता, दही होतं, गोजरबाईला आवडायची म्हणून शेंगदाण्याची चटणी होती आणि कुणीतरी तिची तंबाखूची पुडीही ठेवली होती. चैत्राचं ऊन. दह्याला पाणी सुटायला लागलं होतं.

गोजरबाईची लेक सोनूबाई बायांच्या घोळक्यात वाळूवर बसली होती. दहा दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रडून झालं होतं. आता नुसती मान दुखत होती आणि कधी एकदा हे उरकतं असं वाटत होतं. आईच्या दहाव्याला लेकीला असं वाटू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

भटजींनी घड्याळ बघितलं. त्यांना अजून एका गावाला जायचं होतं. "दर्भाचा कावळा करून शिववू का?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई," कडूबा काका म्हणाले. हे गोजरबाईचे थोरले दीर, पंच्याहत्तरीचे. "गवताचा कावळा आमच्या घरात कुणाला शिवला न्हाई आजपातूर. गोजरचा जीव अडकलाय कशात तरी. बोला कुणीतरी."

कशात अडकलाय ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते बाभळीखालच्या दगडावर बसून मागंपुढं डोलत होतं.

वसंता. सोनूबाईचा पाठचा भाऊ, पंचवीस वर्षांचा गडी. अंगानं बापासारखा रुंद, दाढी वाढलेली, हातात गमछा. तो डोक्याला न्हाव्याला हात लावू देत नाही म्हणून आईचं क्रियाकर्म चुलतभाऊ भुजंगनं केलं होतं. वसंता कुणाकडं बघत नव्हता आणि त्याच्याकडंही कुणी बघत नव्हतं. ती गावाची जुनी सवय होती. तो हात हलवायचा, गमछा झटकायचा, काहीबाही पुटपुटायचा, आणि माणसं त्याच्या बाजूनं अशी जायची जशी तिथं काही नाहीच.

बायांनी सोनूबाईकडं बघायला सुरुवात केली. एकीनं कोपरानं ढोसलं.

सोनूबाईनं पदर सारखा केला. तिचं ठरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी, हाडं वेचून आल्यावर, तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "कुणी काही म्हणू द्या, वसंताला म्या न्हेणार न्हाई." बद्रीनाथ मान हलवून बरं म्हणाला होता. तो गरीब माणूस, बरं म्हणण्यातच त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं.

ती नाही म्हणत होती ते वसंतामुळं नव्हे. तिच्या शेजारी वाळूत बोटानं रेघा ओढत बसलेली अकरा वर्षांची बेबीनंदा, तिची लेक, हिच्यामुळं.

जालना जिल्हा झाला त्या साली सोनूबाई चौथीत होती. मास्तरांनी फळ्यावर नवीन जिल्ह्याचं नाव लिहून पोरांकडून म्हणून घेतलं, आणि तीच तिची शाळेतली शेवटची गोष्ट. बाप आदल्या वर्षी काविळीनं गेलेला. आई दिवसभर रानात. वसंता पाच वर्षांचा झाला तरी त्याला बोलता येत नव्हतं. हाक मारली तर बघायचा नाही, पण लांब कुठं गिरणीचा पट्टा सुरू झाला की कान दाबून लोळण घ्यायचा. एकदा विहिरीच्या काठावर पोटावर झोपून आत बघताना सापडला. त्या दिवशी गोजरबाई म्हणाली, "सोने, उद्यापासून तू त्याच्यापाशी." झालं. दप्तर खुंटीला लागलं, त्यात पुढं आईनं मिरच्यांचं बी ठेवलं.

त्याच्यापाशी म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. भाकरीवर करपलेला ठिपका असला की तो भाकरी फेकून द्यायचा, म्हणून सोनूबाई नखानं एकेक ठिपका खरवडायची. नवा कपडा कुणी घातला तर स्वतःचाच हात चावायचा. तिच्या परकराचं टोक धरल्याशिवाय चालायचा नाही, आणि टोक सुटलं तर गाव गोळा होईल असा टाहो फोडायचा. पंचमीला पोरी फुगड्या घालायच्या अन् ही कडेला उभी, मागं परकर धरून हा. पोरी पहिल्यांदा बोलवायच्या, मग बोलवेनाशा झाल्या. बोलायला लागला तो आठव्या वर्षी, पण स्वतःचं म्हणून नाही. दुसऱ्याचं वाक्य उचलून, त्याच माणसाच्या आवाजात. पाहुणा विचारायचा, "कसा हायेस रे?" वसंता त्याच्याच सुरात म्हणायचा, "कसा हायेस रे?" पाहुण्याला वाटायचं, पोरगं चिडवतंय.

गोजरबाईनं सगळं करून बघितलं. रेणुकाईला नारळ झाला, भगत झाला, गंडे झाले. चार वर्षांपूर्वी जाफराबादला शिबिरात एका तरुण डॉक्टरणीनं तासभर त्याच्यासमोर बसून सांगितलं की ह्याला ऑटिझम म्हणतात, हा वेडा नाही, ह्याचं डोकं वेगळ्या तऱ्हेनं चालतं. गोजरबाईनं विचारलं, "औषध?" ती म्हणाली, औषध नाही, समजून घ्यायचं. गोजरबाई घरी येऊन म्हणाली, "म्या काय करून राह्यले मंग वीस वरसं?"

एका कामात मात्र वसंताच्या तोडीचा गडी पंचक्रोशीत नव्हता. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं उतरतात, ती हाकायला माळ्यावर बसावं लागतं. दुसरी पोरं तासाभरात कंटाळायची. वसंताला सकाळी एकदा "हाकल बाबा, हाकल" म्हणलं की तो दिवसभर हाकलायचा. आरडाओरडा नाही, गोफण नाही, नुसता फडका झटकायचा, पण असा नेमका की पाखरू कणसावर टेकायच्या आत उडालंच पाहिजे. थांबवायलाही सांगावं लागायचं. "बस झालं रे वसंता" हे शब्द कानावर पडल्याशिवाय तो थांबायचा नाही. एकदा गोजरबाई विसरली, तर पाखरं घरट्यात गेली तरी हा माळ्यावर फडका झटकतोच आहे.

सतराव्या वर्षी सोनूबाईचं लग्न पिंपळगाव रेणुकाईला झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसताना सगळ्या नवऱ्या रडतात तशी तीही पदर तोंडावर घेऊन बसली. पण पदराआड डोळे कोरडे ठणठणीत होते. पाठीमागं काही धरलेलं नव्हतं. गाव मागं पडलं तसं तिला मोकळं वाटलं होतं, इतकं की स्वतःचीच भीती वाटली. ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितलेली नाही.

म्हणून तिनं ठरवलं होतं. सासरी ती रानात जाणार, सासू म्हातारी, नवरा बैलांमागं. मग वसंताजवळ कोण राहणार? नंदा. आधी शाळेतून आल्यावर तेवढं, मग शाळेच्या वेळेत तेवढं. कुणी मुद्दाम करत नाही हे. आपोआप होतं.

"सोने," कडूबा काकांनी आता नावानंच हाक मारली. "तुझी माय ताटकळून राह्यली."

"मला दिसतंय काका. माझे डोळे शाबूत हायेत."

बायांत कुजबुज झाली. तिच्या जिभेची कीर्ती माहेरी अजून ताजी होती.

तेवढ्यात भुजंग उठला. मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. पिंडासमोर जाऊन त्यानं हात जोडले. "काकू, वसंताची फिकीर करू नका. म्या सांभाळतो त्याला. माझ्या घरी राहील, माझ्या लेकरांत राहील. सगळ्यांसमोर बोलून राह्यलो."

माणसांनी माना डोलवल्या. भटजींनी पोथी बांधायला घेतली. आता शिवणार असं सगळ्यांना वाटलं.

भुजंग वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. गोजरबाईच्या तीन एकरांच्या बांधाला त्याचा बांध होता, तर वसंताबरोबर ते रानही आपल्याकडं येईल असं त्याला वाटणारच. पण पाचव्या दिवशी सोनूबाई त्याच्या गोठ्यात शेणी आणायला गेली, तर वसंता बैलाशेजारी बसलेला, पायाला काथ्याची दोरी, दोरी खुंट्याला. तिनं विचारलं तर भुजंग अगदी साधेपणानं म्हणाला होता, "पळून जातो ना तो. किती वेळ मागं फिरू? पाणी दिलंय, सावली हाय." तिनं दोरी सोडली. दुसऱ्या दिवशी परत बांधलेली होती. तिसऱ्या दिवशी ती गोठ्याकडं गेलीच नाही.

एक मोठा डोमकावळा फांदीवरून सुटला. सगळे श्वास धरून बसले. तो खाली आला, पत्रावळीच्या अगदी वर आला, पाय लांब केले.

दगडावर गमछा झटकला गेला. कावळा गिरकी घेऊन वर.

"न्हाई शिवला," बाया पुटपुटल्या. "भुजंगचा शब्द न्हाई पटला तिला."

सोनूबाई मात्र पत्रावळीकडं नाही, दगडाकडं बघत होती. वसंता पुटपुटत होता. तिनं कान दिला. आवाज आईचा होता, अगदी तिचाच, थोडा घोगरा, मायेचा. "हाकल बाबा, हाकल. हाकल बाबा, हाकल."

मग तिला कळलं. अन्न उघड्यावर मांडलेलं, वर पाखरं. दीड तास हा त्याचं काम करत होता. सगळं गाव गोजरबाईच्या मनातलं ओळखत बसलं होतं आणि गोजरबाईचा लेक तिचाच हुकूम पाळून कावळे उडवत होता. वीस हातांवर बसलेला पंचवीस वर्षांचा गडी पन्नास माणसांत एकालाही दिसला नव्हता.

हसू यावं अशी गोष्ट. पण तिला हसू आलं नाही, कारण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. तीन शब्द. "बस झालं रे." आत्ता, ह्या घडीला म्हणलं, तर तो थांबेल, कावळा उतरेल, आणि भुजंगच्या शब्दाला आईची पावती मिळेल. पन्नास माणसं साक्षीला. पुन्हा कुणी सोनूबाईला काही म्हणणार नाही, तीही स्वतःला काही म्हणणार नाही. तेराव्याला गोडाचं खाऊन ती पोरगी घेऊन निघून जाईल. तीन शब्द, तेही मोठ्यानं नाही.

ती उठली. गुडघे कडकड वाजले. वाळूतून चालत दगडापाशी गेली. सगळ्यांना वाटलं, भावाचा निरोप घेऊन राह्यली.

वसंतानं मान वर केली नाही. त्याचा एक पाय दगडावरून खाली लोंबत होता. घोट्यावर काथ्याचा वळ होता, लाल, एका जागी कातडी गेलेली. तिथं माशी बसली होती. तो ती हाकलत नव्हता. त्याचं सगळं लक्ष कावळ्यांवर होतं.

सोनूबाई त्या माशीकडं बघत उभी राहिली. शब्द तिच्या जिभेवर आले होते आणि ते तिनं तसेच गिळले.

मग ती वळली, पिंडासमोर गेली. हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले.

"माय," ती म्हणाली, "तुझं लेकरू म्या न्हेते. खुशीनं न्हेत न्हाई, ते तुला बराबर ठाऊक हाय. दहा वर्षांची होते तवा तू मला त्याच्यापाशी बसवलं. सात वरसं बसले. एक दिवस तू विचारलं न्हाई, सोने, दमलीस का. आता कुणी विचारून काय उपेग. पण माझी लेक म्या त्याच्यापाशी बसवणार न्हाई. त्याच्यापायी तिची शाळा सुटणार न्हाई. घरात काय जुळणी करायची ती म्या करीन, न्हाई जमली तर म्या मरीन, पण तिच्या परकराला हात लागणार न्हाई. एवढं तुला कबूल असंल तर घे. नसंल तर बस उपाशी."

कडूबा काकांचं तोंड उघडंच राहिलं. मेलेल्या आईशी असं कुणी बोलतं का, असं बायांच्या डोळ्यांत दिसत होतं.

सोनूबाई परत दगडाशी आली. वसंताच्या शेजारी टेकली, हात न लावता, आणि हळूच म्हणाली, "बस झालं रे वसंता."

गमछा थांबला. त्यानं तो मांडीवर ठेवला, घडी घातली, घडीवर घडी घातली.

डोमकावळा उतरला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. क्षणात पत्रावळ उधळली गेली.

"शिवला, शिवला," माणसं उठली. बाया रडायला लागल्या. कडूबा काका डोळे पुसत म्हणाले, "लेकीचाच शब्द पाह्यजे हुता तिला. मायलेकींचं आतलं आपल्याला काय कळणार." भुजंग खाली मान घालून उभा होता. रान हातचं गेलं म्हणून, की गोठ्यातलं ओझं उतरलं म्हणून, त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. मग तो पुढं आला आणि म्हणाला, "सोने, रान म्या बटईनं करीन. अर्धं तुझ्याकडं पोचवीन." ती म्हणाली, "पोचवशील. न्हाई पोचवलं तर म्या हायेच."

खरं काय ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं? म्हणाले असते, मग तो शब्द दिलाच नाही समज. आणि दिला तर होता.

त्या दुपारी बद्रीनाथ विहिरीपाशी भेटला. तो बादलीला दोर बांधत होता.

"मला विचारलं न्हाईस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही बरं म्हणला असता."

"मंग?"

"मंग काय. नंतर सहा महिने तोंड पाडून बसला असता. आता न विचारता बसा."

"माझ्या मायला काय सांगू?"

"सांगा, कावळ्यानं सांगितलं. त्या मानतात कावळ्याला."

बद्रीनाथ बरं म्हणाला नाही. बादली भरून घेऊन गेला, पण जाताना तिची रिकामी कळशीही भरून ठेवून गेला. सोनूबाईनं ते बघितलं. त्यावर काही बांधता येईल का हे तिला अजून कळत नव्हतं. ती इतकी दमली होती की विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या-उभ्याच तिचे डोळे मिटले.

तेरावा उरकून चौदाव्या दिवशी ते निघाले. जाफराबादेत जीप भरायची वाट बघत चौघं सावलीला उभे होते. वसंताच्या काखेत आईची गोधडी, घोट्याला हळद. बद्रीनाथ ड्रायव्हरशी बोलत होता. नंदा आईजवळ सरकली.

"आई, कावळे मामाच हाकलत होता ना?"

सोनूबाईनं मान वळवली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. दिसत होतं. एक कावळा आला की एकदा झटकायचा. म्या मोजले. चौदा."

"अन् मंग तू बोलली काहून न्हाईस?"

नंदा पायानं माती उकरत राहिली. "तू काय करती ते बघत होते."

एवढी पन्नास माणसं, आणि त्याच्याकडं बघितलं ते ह्या पोरीनं. बघणं शिकवावं लागत नाही, पण एकदा जमलं की सुटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"इथून पुढं मोजायचं न्हाई," ती म्हणाली. "त्याच्याकडं बघायचं न्हाई. तुझं पुस्तक बघायचं. कळलं?"

"कळलं."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मागच्या बाकावर खिडकीची जागा एकच मोकळी होती. वसंता तिकडं शिरायला लागला. नंदा लगेच मागं सरली, वाट करून देत, जशी जन्मभर तेच करत आली आहे.

"तू बस तिथं," सोनूबाई म्हणाली.

"बसू दे ना मामाला. तो आरडंल."

"आरडू दे. तू बस."

नंदा खिडकीशी बसली. मध्ये सोनूबाई, अलीकडं वसंता. जीप हलली तसा त्यानं खिडकीसाठी टाहो फोडला. पुढची माणसं वळून बघायला लागली, एक जण म्हणाला, "बाई, बसवा ना त्याला खिडकीत, काय बिघडतं?" सोनूबाई सरळ समोर बघत राहिली. भोकरदनचा फाटा आला तरी तो ओरडतच होता. तिच्या एका कानाला दडे बसले. दुसऱ्या बाजूला पोरगी, सांगितल्यासारखी, खिडकीबाहेर बघत होती.